उत्तरभागाचा आस्वाद : ई. नेस्बिट यांच्या 'हार्डिंग्ज लक' या कादंबरीच्या अनुषंगाने

१

उत्तरभाग हा शब्द वाङ्मयसमीक्षेत बहुधा काहीशा कमीपणाच्या सुरात उच्चारला जातो. एखादी कादंबरी लोकप्रिय झाली, वाचकांनी मागणी केली, प्रकाशकाने आग्रह धरला आणि लेखकाने जुनीच पात्रे नव्या प्रसंगांत उभी केली, अशी या निर्मितीची कारणमीमांसा सर्रास केली जाते. ती सर्वस्वी चुकीची आहे असे नाही. मात्र अशा कारणमीमांसेने आस्वादाचा प्रश्न सुटत नाही. कुमारवयीन वाचक उत्तरभाग ज्या आतुरतेने हाती घेतो ती आतुरता केवळ ओळखीच्या सुखापोटी असते काय? पहिल्या ग्रंथात जे मिळणे शक्यच नव्हते असे काही त्याला तेथे मिळते काय? आणि मिळत असल्यास त्याचे स्वरूप कोणते? ऐतिहासिक अद्भुतरम्य कादंबरीच्या बाबतीत हे प्रश्न अधिकच महत्त्वाचे ठरतात. कारण भूतकाळाकडे पुन्हा वळून पाहणे हा त्या कादंबरीचा विषयच असतो आणि उत्तरभागात त्या वळून पाहण्याकडेच पुन्हा एकदा वळून पाहता येते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार इंग्रजी बालकुमारसाहित्यातील अग्रगण्य लेखिका ई. नेस्बिट (१८५८-१९२४) यांच्या 'हार्डिंग्ज लक' (१९०९) या कादंबरीच्या अनुषंगाने केला आहे. ही कादंबरी त्यांच्याच 'द हाउस ऑफ आर्डेन' (१९०८) या कादंबरीचा उत्तरभाग होय. 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट' (१९०२) आणि 'द रेल्वे चिल्ड्रन' (१९०६) या नेस्बिट यांच्या कृतींच्या मानाने या जोडकादंबऱ्या कमी वाचल्या जातात. तथापि उत्तरभाग या रचनाप्रकाराचे वाङ्मयीन सामर्थ्य समजून घेण्यासाठी त्या विशेष उपयुक्त आहेत.

विवेचनाच्या सोयीसाठी प्रथम तीन प्रकारांत भेद करणे इष्ट ठरेल. पहिला प्रकार मालिकेचा. भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेच्या पुस्तकांत नायक तोच असतो, त्याचे वय जवळजवळ स्थिर असते आणि कोणते पुस्तक आधी वाचले याने आस्वादात फारसा फरक पडत नाही. दुसरा प्रकार क्रमशः पुढे जाणाऱ्या कथानकाचा. नाथमाधवांच्या स्वराज्यविषयक कादंबऱ्यांत इतिहासाचा कालक्रम हाच ग्रंथांना जोडणारा दुवा आहे. तिसरा प्रकार मात्र पुढे जाता जाता मागे वळतो आणि आधी सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ पालटवितो. 'हार्डिंग्ज लक' ही या तिसऱ्या प्रकारची कृती आहे.

हा तिसरा प्रकार भारतीय परंपरेला अपरिचित नाही. भवभूतीने 'महावीरचरिता'त रामाचे पूर्वचरित्र वीररसाच्या अंगाने मांडले आणि 'उत्तररामचरिता'त तोच नायक करुणाच्या प्रकाशात आणला. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्यातील घटना चित्ररूपाने पाहतात. घटना त्याच असतात. पण वनवास संपला आहे, राज्य हाती आले आहे, अशा सुरक्षित स्थानावरून पाहतानाही त्या चित्रांतून जुने दुःख पुन्हा जागे होते. शिवाय ती चित्रे पाहूनच सीतेच्या मनात पुन्हा वनात जाण्याची इच्छा निर्माण होते आणि पुढे तीच इच्छा तिच्या त्यागाचे निमित्त ठरते. पूर्वभागातील घटना उत्तरभागात पुन्हा पाहिल्या की त्यांचा रस बदलतो, हे सूत्र येथे स्पष्ट दिसते. नेस्बिट यांना भवभूती ठाऊक होता असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. ज्या वाचकाला चित्रदर्शनाचा प्रसंग परिचित आहे, त्याला या इंग्रजी जोडकादंबऱ्यांचा घाट लवकर उमगेल, एवढेच म्हणावयाचे आहे.

२

'द हाउस ऑफ आर्डेन'चे कथानक थोडक्यात असे : एड्रेड आणि एल्फ्रिडा ही भावंडे समुद्रकाठच्या गावी आपल्या आत्याजवळ राहतात. ही आत्या घरात भाडेकरू ठेवून चरितार्थ चालविते. मुलांचे वडील दूर दक्षिण अमेरिकेत मरण पावले असा सर्वांचा समज आहे. एका दूरच्या वृद्ध नातलगाच्या मृत्यूमुळे लहानगा एड्रेड अकस्मात 'लॉर्ड आर्डेन' होतो. परंतु त्याच्या वाट्याला येतो तो पडका किल्ला आणि हरवलेल्या कौटुंबिक धनाची एक दंतकथा. नऊ आणि दहा या वयांच्या दरम्यान आर्डेनच्या वंशजाने टेकडीवर जाऊन विशिष्ट पद्य म्हटले तर कुलाचा रक्षक प्रकट होतो, असे एका जुन्या ग्रंथात लिहिलेले असते. त्याप्रमाणे मोल्डीवार्प नावाचा पांढरा मोल अवतरतो. जमिनीत बिळे करून राहणारा हा प्राणी म्हणजे आर्डेन घराण्याचे कुलचिन्ह. तो खेडवळ बोलीत बोलतो, चटकन रागावतो आणि स्वतः रचलेली कविता ऐकवल्याखेरीज येत नाही. त्याच्या साहाय्याने मुलांना जुन्या वस्त्रांनी भरलेले पेटारे सापडतात आणि ज्या काळाची वस्त्रे अंगावर चढवावीत त्या काळात ती जाऊन पोहोचतात.

अशा रीतीने नेपोलियनच्या स्वारीच्या धास्तीचे १८०७ हे वर्ष, त्याआधीच्या शतकाचा आरंभ, पहिल्या जेम्स राजाची कारकीर्द असे इतिहासाचे तुकडे वाचकासमोर येतात. यातील १६०५ च्या दारूगोळ्याच्या कटाचा प्रसंग उल्लेखनीय आहे. इंग्लंडातील प्रत्येक मुलाला तोंडपाठ असणारे पाच नोव्हेंबरचे गाणे एल्फ्रिडा सहज गुणगुणते; पण त्या काळात कट अजून उघडकीस यावयाचा असतो. परिणामी राजद्रोहाचा संशय येऊन साऱ्या घराण्यावर संकट कोसळते. भूतकाळात गेलेल्याजवळचे ज्ञान हे तेथे सामर्थ्य न ठरता धोका ठरते, ही कल्पना विनोदी आहे आणि गंभीरही आहे.

या कादंबरीचा प्रधान रस अद्भुत आहे आणि त्याचा स्थायिभाव जो विस्मय, तो सातत्याने जागता ठेवण्यात नेस्बिट यशस्वी झाल्या आहेत. तरीही या विस्मयाची एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. मुले भूतकाळात जातात ती घराण्याची मुले म्हणून. प्रत्येक काळात त्यांच्यासाठी नाव, वस्त्रे, नोकरचाकर आणि जेवणाचे ताट तयार असते. किल्ला वैभवात असताना तो कसा दिसत होता हे पुढे उपयोगी पडावे म्हणून ती आधुनिक कॅमेऱ्याने त्याची छायाचित्रे घेतात, हा तपशील या दृष्टीने बोलका आहे. त्यांना भूतकाळातून काही आणावयाचे आहे. तेथे काही द्यावयाचे नाही. अखेरीस वडील जिवंत असल्याचे कळते आणि त्यांच्या सुटकेसाठी मुले धनाच्या शोधावर पाणी सोडतात. कुटुंब पुन्हा एकत्र येते आणि कादंबरी समाधानकारकपणे संपते.

या समाधानात एकच दुवा सैल राहतो. जेम्स राजाच्या काळात मुलांना रिचर्ड नावाचा एक चुलतभाऊ भेटतो. तो त्यांना मदत करतो. पण त्याच्या बोलण्यातून मधूनच असे काही बाहेर पडते की विसाव्या शतकातील जग त्याला ठाऊक असावे अशी शंका येते. आमच्याबरोबर आमच्या काळात चल, असे सुचविले असता तो नकार देतो. तुमचा काळ कुरूप आणि क्रूर आहे, असे त्याचे मत असते. निदान आमच्याकडे माणसांची डोकी तरी उडवीत नाहीत, या आक्षेपाला तो तुटपुंज्या मजुरीवर दिवसभर राबणाऱ्या माणसांचा दाखला देऊन उत्तर देतो. कथानकाच्या ओघात हा संवाद मागे पडतो. प्रथमवाचनात त्याकडे वाचकाचे लक्ष थांबत नाही. कारण त्याला पुढचे साहस खुणावत असते.

३

'हार्डिंग्ज लक'चा आरंभ पाहून पहिल्या ग्रंथाचा वाचक काहीसा गोंधळतो. येथे किल्ला नाही, कुलचिन्ह नाही, एड्रेड-एल्फ्रिडाही नाहीत. आहे तो लंडनच्या दक्षिणेकडील डेप्टफर्डचा गरीब वस्तीचा परिसर आणि कुबडीच्या आधाराने चालणारा डिकी हार्डिंग नावाचा अनाथ मुलगा. ज्या बाईकडे तो राहतो तिला तो मावशी म्हणतो, पण ती त्याची कोणी नाही. वडिलांनी दिलेला चांदीचा आणि पोवळ्याचा एक जुना खुळखुळा एवढीच त्याची मालमत्ता. घरामागच्या उजाड जागेत तो पक्ष्यांना घालावयाचे बी पेरतो आणि त्यातून एक प्रचंड चंद्रफूल उगवते. पुढे बील नावाचा एक भटक्या त्याला भेटतो. डिकी त्याच्याबरोबर रस्त्याला लागतो. लंगड्या मुलाला पाहून लोकांना दया येते आणि भीक चांगली मिळते, हा बीलचा हिशेब. पुढे तो या मुलाचा उपयोग घरफोडीसाठीही करू पाहतो. तथापि उघड्या आभाळाखाली झोपताना डिकीला प्रथमच कोणाच्या तरी सोबतीची ऊब लाभते. बील लबाड आहे आणि प्रेमळही आहे. या दोन्ही गोष्टी नेस्बिट एकमेकींत मिसळू देत नाहीत किंवा एकीने दुसरी झाकतही नाहीत, हे त्यांच्या पात्रचित्रणाचे वैशिष्ट्य होय.

या आरंभामागील सामाजिक संदर्भ लक्षात घेणे आवश्यक आहे. नेस्बिट या १८८४ साली स्थापन झालेल्या फेबियन सोसायटीच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होत्या. डेप्टफर्डमधील गरीब मुलांसाठी त्यांनी नाताळच्या मेजवान्या आयोजित केल्या होत्या. त्यामुळे ही वस्ती त्यांनी जवळून पाहिलेली होती. शाळेतील उपाशी मुलांना जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना देणारा कायदा इंग्लंडात १९०६ मध्ये झाला आणि बालकांच्या संरक्षणाचा व्यापक कायदा १९०८ मध्ये झाला. म्हणजे डिकीसारख्या मुलाचे काय करावयाचे, हा त्या वर्षांत इंग्लंडसमोरचा प्रत्यक्ष प्रश्न होता. उत्तरभागाने हा प्रश्न आर्डेनच्या अद्भुत विश्वात आणून सोडला.

खुळखुळा, एक मोहोर आणि चंद्रफुलाच्या बिया यांची विशिष्ट मांडणी केल्यावर डिकी भूतकाळात जागा होतो. स्थळ तेच, डेप्टफर्ड. काळ मात्र पहिल्या जेम्सचा. तेथे तो रिचर्ड आर्डेन आहे, श्रीमंत घरातील लाडका मुलगा आहे आणि मुख्य म्हणजे त्याचे दोन्ही पाय धड आहेत. इतिहासातील डेप्टफर्ड हे आठव्या हेन्रीने १५१३ मध्ये स्थापन केलेल्या राजकीय गोदीचे गाव. फ्रान्सिस ड्रेकला १५८१ मध्ये त्याच्या जहाजावर सरदारकी मिळाली ती येथेच. ही गोदी १८६९ मध्ये बंद झाली. नेस्बिट यांनी डिकीला ज्या दोन काळांत वावरविले त्या काळांतील अंतर या तपशिलांवरून स्पष्ट होते. एका काळात जहाजे बांधणाऱ्या कुशल कारागिरांचे हे गाव. दुसऱ्या काळात काम हरपलेल्या माणसांची दाटीची वस्ती. अद्भुताचा उपयोग येथे केवळ नेत्रसुखद देखाव्यासाठी केलेला नाही. एकाच भूमीच्या दोन अवस्था शेजारी ठेवण्यासाठी तो केलेला आहे.

भूतकाळात डिकी लाकडावरील कोरीवकाम शिकतो. हे कौशल्य त्याच्याबरोबर वर्तमानात येते. मोडक्या सामानाच्या लाकडातून सुबक पेट्या कोरून तो त्या विकतो आणि बीलला भीक व चोरी सोडावयास लावून प्रामाणिक धंद्याला लावतो. पहिल्या ग्रंथातील मुले भूतकाळातून छायाचित्रे आणतात. डिकी हातातली विद्या आणतो. या एका भेदात दोन्ही ग्रंथांची इतिहासदृष्टी सामावलेली आहे. छायाचित्रातील वैभव पाहणाऱ्याचे होत नाही; शिकलेले काम मात्र शिकणाऱ्याचे होते.

४

उत्तरभागाच्या आस्वादाचा मर्मबिंदू यानंतर येतो. जेम्सकालीन घरात वावरणाऱ्या डिकीला एड्रेड आणि एल्फ्रिडा नावाची चुलतभावंडे भेटतात आणि पहिल्या ग्रंथातील प्रसंग वाचकासमोर पुन्हा उभे राहतात. या वेळी मात्र ते पलीकडच्या बाजूने दिसतात. पहिल्या ग्रंथात मार्गात भेटलेला चुलतभाऊ रिचर्ड म्हणजेच हा लंगडा डिकी, हे वाचकाच्या ध्यानात येते. त्याबरोबर मागे पडलेला तो संवाद अकस्मात जिवंत होतो. तुमचा काळ क्रूर आहे, हे वाक्य आता एका चतुर मुलाचे मत राहत नाही. उपाशीपोटी झोपलेल्या, भिकेसाठी वापरल्या गेलेल्या मुलाची ती साक्ष ठरते.

या क्षणी वाचकाच्या मनात घडणारी प्रक्रिया नीट तपासली पाहिजे. हा क्षण केवळ प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे ओळख पटण्याचा नाही. रहस्यकथेतही ओळख पटते; पण तेथे ती कोडे सुटल्याचे समाधान देते. येथे समाधानाबरोबर काहीशी अस्वस्थताही निर्माण होते. रिचर्ड बोलत होता तेव्हा वाचकाने त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. एड्रेड आणि एल्फ्रिडा यांनीही दिले नव्हते. ज्या वेगाने ती मुले पुढच्या साहसाकडे धावली त्याच वेगाने वाचकही धावला होता. उत्तरभाग त्याला त्याच्याच वाचनाची आठवण करून देतो. पूर्वभागाने दिलेला आनंद खोटा ठरत नाही. परंतु तो अपुरा होता हे कळते. ग्रंथ तोच असून त्याचे वाचन बदलते आणि हा बदल पहिल्या ग्रंथाची पुनरावृत्ती काढून घडवून आणता आला नसता. त्यासाठी दुसरा ग्रंथच लिहिला जाणे आवश्यक होते.

साधारणीकरणाच्या संकल्पनेचा येथे उपयोग होण्यासारखा आहे. पहिल्या ग्रंथात वाचकाचे तादात्म्य आर्डेनच्या मुलांशी होते आणि त्यांच्या सुखदुःखांचे साधारणीकरण सहज घडते. कारण घर हरवलेली, वडिलांची वाट पाहणारी मुले कोणालाही आपलीशी वाटतात. मात्र या तादात्म्याने काहींना आत घेतले आणि काहींना बाहेर ठेवले. उत्तरभागात वाचकाची जागाच बदलते. आता तो बाहेर राहिलेल्याच्या जागेवरून आतल्यांकडे पाहतो. एड्रेड आणि एल्फ्रिडा अजूनही प्रिय वाटतात, पण त्यांच्या निरागसतेला असलेले सुरक्षिततेचे अस्तरही दिसू लागते. पूर्वभागातील अद्भुत उत्तरभागात करुणाला वाट करून देतो तो असा.

कुमारवयीन वाचकाच्या दृष्टीने या अनुभवाचे मोल मोठे आहे. आपण ज्या कथेचे नायक आहोत त्याच कथेत दुसरा कोणी उपपात्र म्हणून वावरतो आहे आणि त्याच्या कथेत आपण उपपात्र आहोत, ही जाणीव बाल्य ओलांडण्याच्या खुणांपैकी एक आहे. उपदेश करून ती देता येत नाही. दोन ग्रंथांच्या परस्परसंबंधातून ती वाचकाला आपोआप मिळते.

५

येथवरच्या विवेचनावरून 'हार्डिंग्ज लक' ही निर्दोष कृती आहे असा समज होऊ नये. तिच्यावर घेता येण्यासारखे दोन आक्षेप गंभीर आहेत आणि आस्वादाच्या चर्चेत ते टाळता येणार नाहीत.

पहिला आक्षेप वर्गदृष्टीचा. कथानकाच्या ओघात डिकी हाच आर्डेन घराण्याचा खरा वारस असल्याचे निष्पन्न होते. दरिद्री मुलाच्या अंगी दिसणारे शौर्य, निष्ठा आणि सौजन्य यांचे मूळ अखेर उमरावाच्या रक्तात सापडावे, ही जुन्या अद्भुतरम्य कथांतील रूढ युक्ती आहे. समाजवादी विचारांच्या लेखिकेने ती स्वीकारल्यामुळे तिच्याच टीकेची धार बोथट होते. जो वारस नाही, ज्याच्याजवळ कुलचिन्हांकित खुळखुळा नाही, अशा डेप्टफर्डमधील दुसऱ्या मुलाचे काय, हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही. बीलचे परिवर्तन काही अंशी या प्रश्नाची जागा भरून काढते. कारण बीलला कोणतेही उच्च कुल दिलेले नाही आणि तरीही तो बदलतो. परंतु कथेचे अंतिम फळ त्याच्या वाट्याला येत नाही.

दुसरा आक्षेप अपंगत्वाच्या चित्रणाचा. भूतकाळात पाय धड असणे आणि वर्तमानात लंगडे असणे या विरोधावर कथानकाची बरीच भिस्त आहे. यातून शरीराचे व्यंग म्हणजे केवळ सुटका करून घेण्याची अवस्था, असा अर्थ निघू शकतो. आजच्या वाचकाला हे खटकणे स्वाभाविक आहे. वर्गात ही कादंबरी शिकविताना हा मुद्दा बाजूला सारणे योग्य होणार नाही. येथे एवढे मात्र नोंदविले पाहिजे की डिकीची कल्पकता, कारागिरी आणि निष्ठा या गुणांचा खरा कस वर्तमानातच, कुबडीवर चालतानाच लागतो. सुखाच्या भूतकाळातून तो पुन्हा पुन्हा परततो तो बीलसाठी. आपण गेलो तर हा माणूस पुन्हा वाईट मार्गाला लागेल, ही काळजी त्याला डेप्टफर्डकडे ओढून आणते. धड पायांच्या सुखापेक्षा दिलेला शब्द त्याला मोठा वाटतो.

या दोन्ही आक्षेपांचा परिपाक कादंबरीच्या शेवटात दिसतो. बील आपल्या वृद्ध पित्याजवळ मार्गी लागतो. एड्रेडला डिकी संकटातून वाचवितो. वारसा सिद्ध होतो. आता डिकीने लॉर्ड आर्डेन म्हणून सुखाने राहावे, अशी सारी सिद्धता झालेली असते. मात्र तसे झाल्यास एड्रेड आणि त्याच्या वडिलांना आपले घर गमवावे लागणार असते. डिकी वारसा सोडतो आणि वर्तमानातून कायमचा नाहीसा होऊन जेम्सच्या काळात निघून जातो.

हा शेवट कसा वाचावा? एका दृष्टीने तो पलायन आहे. धड पाय, जिव्हाळ्याची माणसे, सुंदर घर या साऱ्यांकडे डिकी जातो आणि ज्या काळाला त्याने क्रूर म्हटले तो काळ जसाच्या तसा राहतो. दुसऱ्या दृष्टीने तो त्याग आहे. कारण पदवी आणि संपत्ती यांवरचा हक्क तो स्वखुशीने सोडतो. समीक्षकाला यांपैकी एकच वाचन निवडण्याचा मोह होतो. तथापि कादंबरी या दोहोंना एकत्र बांधून ठेवते आणि तिचा प्रामाणिकपणा त्यातच आहे. डिकीच्या सुखाने वाचक आनंदतो. त्याच वेळी विसाव्या शतकातील इंग्लंडात या मुलासाठी जागा नव्हती, ही वस्तुस्थिती त्याला बोचते. पहिल्या ग्रंथाच्या अखेरीस कुटुंब पूर्ण झाले होते. दुसऱ्या ग्रंथाच्या अखेरीस ते सुस्थिर होते, पण एका मुलाच्या जाण्याची किंमत देऊन. आर्डेनच्या सुखाला आता एक ऋण चिकटले आहे. पूर्वभाग पुन्हा वाचणाऱ्याला त्याचा विसर पडू शकत नाही.

६

मराठी वाचकाच्या दृष्टीने या कादंबरीचे वाचन दोन कारणांनी फलदायी ठरेल. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा उदय पारतंत्र्याच्या काळात झाला. हरिभाऊ आपटे यांच्यापासून नाथमाधवांपर्यंत अनेकांनी गतकाळाचे जे चित्र उभे केले त्यात तत्कालीन वाचकाला आत्मसन्मान सापडला, ही गोष्ट नाकारता येणार नाही. मात्र अशा वाचनात वाचक मनाने भूतकाळात जातो तेव्हा तो बहुधा सरदाराच्या वा शूर शिलेदाराच्या जागी जातो. पागेतल्या चाकराच्या वा वेठीला धरलेल्या माणसाच्या जागी क्वचितच जातो. जोतीराव फुले यांनी १८६९ च्या शिवाजीविषयक पवाड्यात कुळवाड्यांच्या बाजूने इतिहासाकडे पाहिले, हे या संदर्भात स्मरणीय आहे. एकच गतकाळ कोणाच्या जागेवरून पाहिला यावर त्याचा अर्थ ठरतो. 'हार्डिंग्ज लक' हे सूत्र चर्चेच्या पातळीवर न ठेवता वाचकाकडून प्रत्यक्ष अनुभवून घेते.

दुसरे कारण अध्यापनविषयक आहे. पदव्युत्तर वर्गात निवेदन, दृष्टिकोण आणि संहितांचा परस्परसंबंध या संकल्पना शिकविताना विद्यार्थ्यांना त्या अनेकदा कोरड्या वाटतात. या जोडकादंबऱ्यांतील रिचर्डचा प्रसंग प्रथम पूर्वभागातून वाचून घ्यावा, त्यावर विद्यार्थ्यांची टिपणे लिहून घ्यावीत, नंतर उत्तरभाग वाचून त्याच प्रसंगाकडे परतावे आणि दोन्ही टिपणांची तुलना करावी. घटनेत फरक नसताना आकलनात फरक का पडला, याचा शोध विद्यार्थी स्वतः घेऊ लागतील. त्याच वेळी महावीरचरित आणि उत्तररामचरित यांच्याशी तुलना केल्यास ही चर्चा केवळ परकीय उदाहरणापुरती मर्यादित राहणार नाही.

उत्तरभागाविषयी प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नांचे उत्तर आता देता येईल. पुढे काय झाले हे जाणण्याची उत्सुकता वाचकाला उत्तरभागाकडे नेते. ती उत्सुकता रास्त आहे आणि तिला हिणवण्याचे कारण नाही. परंतु चांगला उत्तरभाग ती पुरवीत असतानाच वाचकाला मागे नेतो आणि पूर्वी त्याच्या नजरेतून कोण निसटले होते ते दाखवितो. हे दर्शन पूर्वभागाच्या वाचकालाच लाभते. ज्याने आर्डेनच्या मुलांबरोबर मनसोक्त आनंद घेतला नाही, त्याला डिकीचे मोल पुरते कळणार नाही. म्हणून पूर्वभागाचा निर्भर आनंद आणि उत्तरभागाची व्याकुळता यांत श्रेष्ठकनिष्ठभाव लावणे सयुक्तिक नाही. पहिल्याखेरीज दुसरी संभवत नाही आणि दुसरीखेरीज पहिला प्रौढ होत नाही. कुमारवयाच्या उंबरठ्यावरील वाचकाला या दोन्हींची गरज असते. त्याला त्या एकापाठोपाठ एक, योग्य क्रमाने मिळाव्यात, ही जबाबदारी ग्रंथ निवडून देणाऱ्या पालकांची आणि शिक्षकांचीही आहे.